चाळिसावी जरीब

जयेंद्रगंज, लश्कर
ग्वाल्हेर
१२ जुलै १९५६

ती. इंदुताईस,
लक्ष्मीकांताचा साष्टांग नमस्कार.

इतके दिवस पत्र नाही आणि आज आले तेही कामाचे, म्हणून रागावशील. रागाव, पण शेवटपर्यंत वाच.

नानाकाकांनी मृत्युपत्राने तुझ्या नावे केलेली पिपरोलीची जमीन तुला ठाऊक आहेच. तिची टेकडीकडची हद्द अजून कागदावर पक्की झालेली नाही. पलीकडची जमीन महिपतरावांची. नोव्हेंबरच्या एक तारखेला आमचा मध्यभारत संपणार आणि सगळे नव्या मध्यप्रदेशात जाणार. आमच्या जमीन बंदोबस्त कचेरीचे कागद इथे राहतील की भोपाळला जातील, हे खुद्द साहेबांनाही ठाऊक नाही. त्याआधी सगळ्या हद्दी मिटवा, असा हुकूम आहे.

टेकडीच्या पायथ्याच्या समाधीच्या छत्रीपासून निघून, माथा ओलांडून, पलीकडच्या उतारावरच्या दगडापर्यंत आपली हद्द जाते. दगड जागेवर आहे. नकाशात ती रेघ सदतीस जरीब भरली. (जरीब म्हणजे मोजणीची साखळी. तुमच्याकडे साखळीच म्हणतात ना?) महिपतरावांना हा दगड कबूल आहे. तेव्हा तू फक्त राजीनामा पाठवायचा. मजकूर बळवंतराव लिहितील, त्यांना कचेरीचे कागद नवे नाहीत. तुझी सही आणि दोन साक्षीदार, एवढेच.

राजीनामा आला नाही तर साहेब टेकडीची धार हीच हद्द धरतील. मग धारेपलीकडचा उतार महिपतरावांकडे जाईल, आणि काकूच्या नावाची बावडी त्याच उतारावर आहे. तिच्या पाण्यावर आपल्या कुळाची पेरूची बाग आहे. म्हणून उशीर करू नकोस.

तुझी भावजय शामला नेहमी आठवण काढते. बळवंतरावांना नमस्कार.

तुझा
लक्ष्मीकांत


सातारा
२४ जुलै १९५६

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

पत्र पोचले. यांनी मोठ्याने वाचले, मग मी एकटीने वाचले.

नानांच्या सनदेत टेकडीची हद्द चाळीस जरीब आहे. हे मला कोणी सांगायला नको. नाना आंघोळ करताना स्तोत्र म्हणत आणि अंग पुसताना सनद म्हणत. "छत्रीपासून दगडापर्यंत जरीब चाळीस." तुझा नकाशा सदतीस म्हणतो. दगड जागेवर आहे, असेही तू म्हणतोस. मग तीन जरीब जमीन कुठे गेली? की दगडच तीन जरीब अलीकडे चालत आला?

आणि वर माझ्याकडून राजीनामा हवा. राजीनामा म्हणजे काय ते आम्हाला साताऱ्यात कळत नाही असे वाटले का? यांची सारी नोकरी मामलेदार कचेरीत गेली. राजीनामा दिल्यावर बावडी माझीच राहील, असा तुझ्या पत्राचा रोख आहे. ते वाक्य वाचून हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, "तुझ्या भावाने नवीन कायदा काढलेला दिसतो." मला हसू आले नाही.

तुझे मराठीही आता बदलले. मागे शामलेच्या पत्रात होते, "मी पापड करून राहिले आहे." कुठे राहिली आहे, असे इथे सगळ्यांनी विचारले.

आईच्या बावडीचे नाव घेऊन घाई करणे बरे नव्हे. तू असा नव्हतास.

इंदुताई


जयेंद्रगंज, लश्कर
९ ऑगस्ट १९५६

ती. इंदुताईस,
नमस्कार.

तुझे पत्र आले त्या दिवशी उत्तर लिहिले आणि फाडले. त्यात राग जास्त होता आणि गणित कमी. आता गणित लिहितो.

नकाशा सपाट असतो. घरातल्या जिन्याचा विचार कर. पायरी-पायरीवरून सुतळी लावत वर गेलीस तर सुतळी बरीच लागेल. पण जिन्याखालची फरशी मोजलीस तर ती कमीच भरेल. जिना कोणी चोरलेला नसतो. नानाकाकांच्या माणसांनी जरीब जमिनीवर टाकत, चढत-उतरत हद्द मोजली. आमचा नकाशा म्हणजे जिन्याखालची फरशी. दोन्ही खरे आहेत.

पण नुसते सांगून तुझे समाधान होणार नाही, आणि खरे तर माझेही झाले नाही. तू विचारलेस तेव्हा माझ्या लक्षात आले की सदतीस आणि चाळीस यांचा मेळ मीही बसवून पाहिला नव्हता. पावसात टेकडीवर काटा इतका माजतो की रेघेवरून चालणे होत नाही. म्हणून दुसरी वाट काढली. दोन वर्षांपूर्वी तिथे बंधारा बांधायचे चालले होते. तेव्हा त्या लोकांनी साऱ्या टेकडीवर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी आखून प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यावर उंची घेतली होती. बंधारा झाला नाही, उंचीचा तक्ता राहिला. तो मागून आणला. आपली रेघ त्यावर ठेवली, प्रत्येक चौकटीत ती किती चढते, किती उतरते ते काढले, आणि तेवढी तिरकी लांबी धरून बेरीज केली.

एकोणचाळीस आली. तीनपैकी दोन जरीब सापडल्या. दगड चाललेला नाही, ताई.

आता माझा एक प्रश्न. परवा नई सडकेवर महिपतराव भेटले. पान लावून घेत होते. म्हणाले, "क्यों लक्ष्मीकांतराव, आजकल तुमचे मेहुणे आम्हाला खत लिहून राहिलेत. तुम्हाला बातमी नाही?" आणि हसले. काय लिहिले ते सांगितले नाही. बळवंतरावांना महिपतरावांशी परस्पर काय बोलायचे आहे? जमीन विकायची असेल तर तुझा हक्क आहे, पण मग मला या कागदांमागे का धावायला लावतेस? राजीनामा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे, असे तूच लिहिलेस. ठाऊक असून देत नाही, याचा अर्थ मी काय घ्यावा?

हे लिहू की नको, असा दोनदा विचार केला. न लिहिता मनात ठेवणे जास्त वाईट वाटले.

लक्ष्मीकांत


सातारा
२५ ऑगस्ट १९५६

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

जिन्याचे मला पटले. सुतळी लावून पाहिली. हे म्हणाले, "या वयात जिना मोजतेस?" मी म्हटले, या वयात भाऊ मोजायची पाळी आली, त्यापेक्षा जिना बरा.

म्हणजे दोन सापडल्या. तिसरी कुठे आहे? एकोणचाळीस म्हणजे चाळीस नव्हे. आणि तुझ्या चौकटींचे मला एक कळत नाही. उंची कोपऱ्यांवर घेतली म्हणतोस. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत जमीन सरळ आहे, हे तुला कोणी सांगितले? दोन कोपऱ्यांच्या मधे कोणी पाहिले? गव्हाचे पोते तपासणाराही मधून मूठभर काढून बघतो, नुसती तोंडाची शिवण बघून पुढे जात नाही.

यांनी महिपतरावांना पत्र लिहिले हे खरे. माझ्या सांगण्यावरून लिहिले. काय लिहिले ते महिपतरावांनाच विचार, ते तुझ्या जवळ आहेत.

आता मनात ठेवलेले मीही लिहिते. नानांनी मृत्युपत्र केले नसते तर घराण्यातला मुलगा म्हणून ही जमीन तुझ्याकडे आली असती. तू कधी एक शब्द बोलला नाहीस. त्या वेळी मला ते तुझे मोठेपण वाटले. आता तू मोजणीच्या कचेरीत, नकाशा तुझ्या हातात, घाईचा हुकूम तुझ्याच तोंडचा, आणि मागणी राजीनाम्याची. माझ्या जागी तू असतास तर काय समजला असतास?

तिसरी जरीब दाखव. मग बघू.

इंदुताई


जयेंद्रगंज, लश्कर
२० सप्टेंबर १९५६

ती. इंदुताईस,
नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. मध्ये मलेरियाने पडून होतो, आणि पडून असताना एकच वाक्य डोक्यात घोळत होते. तुझ्या जागी मी असतो तर. मी स्वतःला खूप विचारले. असतो तर मीही तेच समजलो असतो. पण मी तुझ्या जागी नाही, माझ्या जागी आहे, आणि इथून मला कुठेही चोरी दिसत नव्हती. तरी तिसरी जरीबही दिसत नव्हती. तक्ता पुन्हा मांडला, बेरीज पुन्हा केली. एकोणचाळीसच. एकदा असेही मनात आले की नानाकाकांनीच गोल आकडा लिहिला असेल. देवाघरच्या माणसावर शंका घेतली म्हणून मग लाज वाटली.

ऊन पडल्यावर महिपतरावांना घेऊन टेकडीवर गेलो. तुला सांगायला हवे की ते स्वतः आले. देह अवजड, माथ्यापर्यंत त्यांनी तीनदा बैठक मारली. दगडाचा विषय काढला तर म्हणाले, "बहिणीला लिहा, तो दगड माझ्या वडिलांनी अन् तुमच्या काकांनी मिळून रोवलाय. मी कशाला उखडू? इथे चढताना मीच मुळापासून उखडून राहिलोय." मग खिशातून बळवंतरावांचे पत्र काढून माझ्या हातात दिले. त्यात एकच प्रश्न होता, दगड हलला आहे काय, देवाला स्मरून सांगा. विकण्याचे अक्षर नव्हते. मी तुम्हा दोघांवर जे मनात आणले ते चुकीचे होते. बळवंतरावांना हे वाचून दाखव.

माथा ओलांडून उतरू लागलो तर रेघेवर करवंदीची मोठी जाळी. आम्ही नेहमी वळसा घालून जातो, मोजणीवालेही तसेच गेले असणार. तुझे पोते आठवले. कोयत्याने जाळी तोडली. खाली जमीनच नव्हती. टेकडीला उभी चीर पडावी तशी खोह, वरून अरुंद, आत खोल. एक कोपरा तिच्या अलीकडे, दुसरा पलीकडे, दोघांची उंची जवळजवळ सारखी. तक्त्यावर तिथे सपाट जमीन होती.

जरिबीबरोबर मोजलेली डोरी कमरेला बांधून मी उतरलो. वरचे टोक महिपतरावांनी झाडाला टेकून धरले होते आणि दर थोड्या वेळाने ओरडत होते, "आहात का?" खडकाला लावत लावत तळापर्यंत गेलो, पलीकडच्या अंगाने वर आलो. तळाशी पाणी झिरपत होते. काकूच्या बावडीला पाणी कुठून येते ते आज कळले.

सरळ अंतर वजा केले. वरची बाकी एक जरीब, हाताभराच्या फरकाने.

चाळीस, ताई. नानाकाकांच्या माणसांनी खोह टाळली नव्हती. मी टाळली. तू विचारले नसतेस तर आयुष्यभर टाळली असती.

आता एवढेच. सत्तावीस ऑक्टोबरला पेशी आहे, म्हणजे सुनावणी. महिपतरावांनी आपला राजीनामा लिहून दिला आहे. तुझा तेवढा हवा. तो आला की बावडीला धोका नाही. यापुढे मी मागणार नाही.

लक्ष्मीकांत


सातारा
१४ ऑक्टोबर १९५६

चि. लक्ष्मीकांतास अनेक आशीर्वाद.

सोबत राजीनामा आहे. यांनी लिहिला, मी सही केली. साक्षीदार शेजारचे आहेत.

इतके दिवस मी भांडले ते तीन जरिबींसाठी, असे तुला वाटले असेल. सुरुवातीला मलाही तसेच वाटत होते. पण डोरी बांधून तू खोहीत उतरलास हे वाचले आणि वाटले, एका जरिबीचा हिशेब द्यायला जो तापातून उठताच खाली उतरतो, त्याला जमिनीची खरी माया आहे. मी इथे बसून नुसता आकडा म्हणत राहिले. महिपतरावांनी आपला राजीनामा दिला, हे मात्र कळले नाही. त्यांनी का द्यावा? हे म्हणाले, "ज्याचे त्याला ठाऊक. मोठ्यांची घरे रिकामी होण्याचेच दिवस आहेत."

शंका फिटली म्हणून देते असे समजू नकोस. भांडून दमले, आणि तू माझा भाऊ आहेस, म्हणून देते. यांच्या मनात नव्हते. तरी अक्षर सुवाच्य काढले आहे.

बावडीवरचे आईचे नाव तेवढे पुसू नकोस. कुळाला काढू नकोस. पेरू उतरले की एक टोपली पाठवत जा. पाठवली नाहीस तरी चालेल.

इंदुताई


जयेंद्रगंज, लश्कर
२८ ऑक्टोबर १९५६

ती. इंदुताईस,

हे पत्र कसे सुरू करावे ते कळत नाही, म्हणून जे झाले ते क्रमाने लिहितो.

तुझा कागद पंचवीस तारखेला आला. आधी पत्र वाचले. बावडीवरचे नाव मी का पुसीन, ते समजेना. मग कागद उघडला. "मी, इंदिरा बळवंत, पिपरोली येथील माझ्या सर्व जमिनीवरील हक्क राजीखुशीने सोडून देत असून ती माझे चुलत बंधू लक्ष्मीकांत यांचे नावे दाखल करण्यास माझी हरकत नाही."

हे तीनदा वाचले. मग तुझी सगळी पत्रे काढून पहिल्यापासून वाचली. बळवंतरावांना ठसका का लागला ते मला तेव्हा कळले. ताई, तुमच्या मुलखात राजीनामा म्हणजे जमीन सोडणे. इथे तसे नाही. इथे शेजारी शेजारी दोघे एखाद्या गोष्टीला राजी झाले की जो कागद लिहितात तो राजीनामा. "हा दगड आम्हा दोघांना मान्य", बस, एवढेच मला तुझ्याकडून हवे होते. महिपतरावांनी तेच लिहून दिले, त्यांनी काही सोडलेले नाही. मी सगळा पावसाळा तुला म्हणत होतो, तुझे तुझ्याकडे राहावे म्हणून सही कर. तू ऐकत होतीस, तुझे मला देऊन टाक.

खोहीसारखेच झाले. दोन्ही कोपऱ्यांवर शब्द एकच होता. मधे काय आहे ते मी पाहिले नाही.

आणखी एक लिहायचे आहे. कागद वाचल्यावर तो चूक आहे हे कळायच्या आधी, अगदी थोडा वेळ, मला बरे वाटले. पेरूच्या बागेला कुंपण कुठून घालावे हे मनात आले. तू ऑगस्टमध्ये जी शंका घेतलीस, जमीन मलाच हवी आहे का, तिचे उत्तर मी स्वतःला "नाही" असे दिले होते. ते उत्तर पुरते खरे नव्हते. रोजनिशीत लिहिले, पण तिथे लिहून तुझ्यापर्यंत पोचत नाही.

तार करून नवीन कागद मागवला असता तरी वेळेत येणार नव्हता. काल पेशीला गेलो. साहेब उत्तरेकडचे, टेबलावर गठ्ठ्यांचा डोंगर. मला पाहताच म्हणाले, "राजीनामा आ गया?"

मी म्हटले, "आया है, लेकिन जैसा चाहिए वैसा नहीं है."

त्यांनी माझ्या हातातल्या कागदाचा मथळा वाचला. "लिखा तो है, राजीनामा. दस्तखत भी हैं. लगाओ फाइल में."

त्या गर्दीत मजकूर कोणी वाचला नसता. दगड मान्य झाला असता, बावडी वाचली असती, आणि कागद माझ्या नावाने मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या फाइलीत, बसला असता, जेव्हा हवा तेव्हा काढायला. मी म्हटले, "साहब, इसमें बहन ने ज़मीन छोड़ दी है."

"किसके नाम?"

"मेरे."

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "तो फिर दिक्कत क्या है, पंडितजी?"

कागद घडी घालून खिशात ठेवला. साहेबांनी टेकडीची धार धरून रेघ ओढली आणि पुढची मिसल घेतली. बावडी कालपासून महिपतरावांच्या बाजूला आहे.

बाहेर आल्यावर महिपतराव माझ्यावरच चिडले. "ही काय बला माझ्या गळ्यात टाकलीत? लोक म्हणतील, बाईची बावडी खाल्ली. अपील करा. मी पेशीला येऊन सांगतो, दगड खरा आहे." अपिलाला मुदत आहे, पण कागद कोणत्या शहरात जाऊन बसतील ते अजून कोणी सांगत नाही. मिळेल असे मी तुला लिहीत नाही.

तुझा कागद सोबत परत पाठवतो. मी फाडला असता तर तू कधी तरी म्हणाली असतीस, खरेच फाडला का? म्हणून तूच फाड.

लक्ष्मीकांत


सातारा
९ नोव्हेंबर १९५६

चि. लक्ष्मीकांतास आशीर्वाद.

कागद मिळाला. फाडला. यांनी तुकडे जुळवून पाहिले, तोच आहे ना म्हणून. मग चुलीत टाकला.

राजीनाम्याचा असा अर्थ असू शकतो हे यांना अजून मान्य नाही. म्हणतात, "मग तुमच्या ग्वाल्हेरीत मंत्र्याने राजीनामा दिला की तो खुर्ची सोडतो की घट्ट धरतो?" दोन दिवस मीही यांच्याच बाजूने होते. वाटले, आता हा शब्दाच्या आड लपतो आहे.

तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडताना एक आठवले. आपण दोघे भांडायचो, भोवऱ्यावरून, खिडकीतल्या जागेवरून. नाना दोघांना समोर उभे करीत, एकेकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवीत आणि म्हणत, "चला, झाला राजीनामा." कोणी काही सोडून देत नसे. भोवरा दोघांचा राही. लग्न होऊन इथे आले आणि तो अर्थ विसरले, गूळ तेवढा लक्षात राहिला.

साहेबांनी दिक्कत काय म्हणून विचारले, आणि तू कागद खिशात ठेवलास ते मी वाचले.

पण थोडा वेळ तुला बरे वाटले, हेही वाचले. ते लिहिले नसतेस तर मला झोप चांगली लागली असती. लिहिलेस म्हणून बाकीच्यावर विश्वास बसला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, तुझ्या जिना आणि फरशीसारख्या.

मी येते आहे. अपिलावर सही तिथे येऊन, शब्द न् शब्द वाचून करीन. यांच्या गुडघ्यांना तुमची थंडी सोसायची नाही, मी एकटीच येईन. मुंबईहून पंजाब मेल. स्टेशनवर ये. करवंदीची जाळी पुन्हा वाढू देऊ नकोस, आणि डोरी तीच ठेव.

खोहीची जरीब मला माझ्यासमोर मोजून हवी. महिपतराव म्हातारे झाले, झाडाला टेकून डोरी धरणाऱ्याचा भरवसा नाही. वरचे टोक या वेळी मी धरीन.

इंदुताई